दवाखान्याची वाट आधीच पाठ हवी: गावाने आरोग्यसेवा कशी समजून घ्यावी आणि कशी वापरावी

२००९ च्या जुलैत, भातलावणीच्या दिवसांत, माझा चुलतभाऊ पहाटे पोटात कळ येतेय म्हणून उठला. घोंगडी टाकून जमिनीवरच झोपला होता. वहिनीने ओवा दिला, कुणी सोडा पाजला. अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा आजी म्हणाली, "अरे, पान लागलंय ह्याला." म्हणजे साप चावलाय. आधी देवळात नेलं. तिथून एका खाजगी दवाखान्यात. तो उघडेपर्यंत वेळ गेला आणि उघडल्यावर "पुढे न्या" एवढंच सांगितलं. पुढे म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. शहराच्या वाटेवर जीपमध्येच तो गेला.

महिन्याभराने कळलं की अकरा किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात सापाची लस त्या दिवशीही शिल्लक होती. आम्ही त्याच रुग्णालयाच्या फाट्यावरून सरळ पुढे गेलो होतो.

तेव्हापासून गावच्या आरोग्य समितीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला काय औषध द्यावं हे मी सांगणार नाही. बचतगटाच्या ताई, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, तरुण मंडळातली पोरं, ज्यांना आपल्या गावासाठी हे काम करावंसं वाटतं, त्यांनी सुरुवात कुठून करावी, कशात वेळ घालवावा आणि कशात घालवू नये, तेवढं सांगतो.

पहिलं काम: कुठे काय मिळतं, हे स्वतः जाऊन बघा

सरकारी रचना कागदावर सोपी आहे. सपाट भागात साधारण ५,००० लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असतं. ३०,००० लोकांमागे, डोंगरात २०,००० मागे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपण ज्याला पीएचसी म्हणतो ते. त्यावर बहुधा ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेकडे असतात. ग्रामीण रुग्णालयापासून वरचं सगळं राज्य शासनाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. हा फरक लक्षात ठेवा. ग्रामीण रुग्णालयाची अडचण घेऊन लोक जिल्हा परिषद सदस्याकडे जातात आणि सहा महिने तिथेच घिरट्या घालतात.

पण पाटीवर काय लिहिलंय यावरून आत काय मिळतं ते कळत नाही. ग्रामीण रुग्णालय म्हटलं की सिझेरियन होणारच असं नाही. भूलतज्ज्ञ आहे का, आठवड्यातून कोणत्या दिवशी येतो, यावर ते ठरतं. म्हणून दोघा-तिघांनी वही घेऊन एक दिवस काढा. आशाताईंना सोबत घ्या, सकाळची गर्दी ओसरल्यावर जा आणि सिस्टरांना किंवा फार्मासिस्टला शांतपणे विचारा: सापाची आणि कुत्र्याची लस आत्ता आहे का, किती आहे? रात्री बाळंतपण होतं का, कोण असतं? ईसीजी निघतो का? एक्स-रेची मशीन चालू आहे की बंद? रक्त लागलं तर सर्वांत जवळची रक्तपेढी कुठली? डॉक्टर रात्री क्वार्टरमध्ये राहतात का? ओपीडी किती वाजता सुरू होते, हे बोर्डावरून लिहून घ्या आणि एखाद्या दिवशी त्या वेळेला हजर राहून पडताळा.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फार्मासिस्ट जरा बिचकले, चौकशी आली असं त्यांना वाटलं. "साहेब, गावाला सांगायचंय, तक्रार नाही," म्हटल्यावर त्यांनी स्वतः फ्रिज उघडून लशीच्या बाटल्या दाखवल्या. विचारायला कुणी येत नाही, हेच त्यांचं म्हणणं होतं.

खाजगी दवाखानेही ह्याच वहीत येऊ द्या. कोण एमबीबीएस, कोण होमिओपॅथ, कुणाकडे खाटा आहेत, कोण रात्री दार उघडतो, हे लिहा. ज्याच्याकडे पदवीचा कागद भिंतीवर नाही आणि विचारल्यावर राग येतो, त्याच्या नावापुढे तसंच लिहा.

दुसरं: आशाताईंना वगळून काही करू नका

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. गावात कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ कमी वजनाचं आहे, कोण टीबीच्या गोळ्या मधेच सोडतंय, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ बघायचं असतं. हे दिवस कितीशा घरांना माहीत आहेत? ज्या घराला माहीत असतात ते घर सातव्या दिवशी वाट बघतं, आणि वाट बघणारं घर असलं की येणाऱ्यालाही बळ येतं.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच दाखवलं. फारशा न शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं आणि त्यांनी ते सांभाळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. त्यावरचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यातूनच देशभरच्या आशांच्या ह्या घरभेटी आल्या. गावातल्या बाईचं ऐकून गाव बदलतं, हे महाराष्ट्राने करून दाखवलेलं आहे. आपण नव्याने समांतर काही उभं करायची गरज नाही.

आशाताईंचं बरंचसं उत्पन्न केलेल्या कामाच्या मोबदल्यावर आहे. त्यामुळे त्यांचं काम हिरावून घेऊन "आमच्या मंडळाने केलं" असा फोटो काढणं हा मला अन्याय वाटतो. त्यांना विचारा, "ताई, कुठलं घर तुमचं ऐकत नाही?" त्या घरी तुम्ही जा. बहुतेक वेळा तिथे सासूशी बोलावं लागतं. सुनेला दवाखान्यात कधी न्यायचं हे सासू ठरवते, आणि बैठका मात्र सगळ्या सुनांच्या होतात.

तिसरं: चार प्रसंगांची तालीम

सगळं आजारपण शिकवायला जाऊ नका, काहीच लक्षात राहत नाही. चार प्रसंग निवडा, ज्यांत उशीर झाला तर माणूस जातो. आमचे चार: साप, कुत्रा, अडलेलं बाळंतपण, छातीतली कळ. तुमच्याकडे पूर असेल, खाण असेल, महामार्ग असेल, तर तुमचे वेगळे असतील.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे मुख्य चार विषारी साप, आणि त्या चारींवर एकच लस चालते. म्हणून साप मारून आणायची, ओळखायची गरज नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखणं, घसा आवळल्यासारखा होणं, पापण्या जड होणं, ही तिची लक्षणं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस असा उठला तर ओवा देत बसू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका. चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि जिथे लस आहे हे वहीत लिहिलंय तिथेच न्या. गावातल्या भगतालाही ह्या तालमीत बोलवा. आमच्याकडचे भगतबाबा आता "आधी लस, मग अंगारा" म्हणतात. त्यांच्या ह्या एका वाक्याने आमच्या वीस बैठकांएवढं काम केलं.

कुत्रा चावला तर वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. चुना, हळद, मिरची काही नको. मग त्याच दिवशी पीएचसी. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती जुन्या लशीची. आता लस दंडात देतात, मोजके डोस असतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नावाचं वेगळं इंजेक्शनही लागतं. ते नसेल तर ते कुठे मिळेल ते विचारून चिठ्ठी घ्या. आणि शेवटचा डोस चुकवू नका. "आता बरं आहे" म्हणून तो सोडणारे फार असतात, आणि रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही.

बाळंतपणाची तयारी सातव्या महिन्यात करायची. रक्तगट माता-बाल कार्डावर लिहिलेला आहे का? रक्त द्यायला दोघं कोण येतील? मोठी पोरं कुणाकडे राहतील? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती चुकवू नये. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी आहे, परत घरी सोडण्यासाठीसुद्धा.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ते गॅसचंच असेल असं समजून सोडा पिऊन झोपू नका. मधुमेही माणसांत आणि बायकांत कधी नुसता दम लागतो, कळ येतच नाही. जिथे ईसीजी निघतो तिथे जा. रुग्णाला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका.

आता तालीम. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो. तरीही आमच्याकडे गाडी यायला उशीर व्हायचा, आणि कारण शोधलं तर दोष पत्त्याचा निघाला. घाबरलेला माणूस फोनवर "पाटलांच्या घराजवळ" सांगतो. आम्ही एका संध्याकाळी पारावर बसून प्रत्येक वाडीसाठी एकच वाक्य ठरवलं: तालुका, गाव, वाडी, आणि बाहेरच्या माणसाला दिसेल अशी खूण, "पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, तिसरा विजेचा खांब". ते वाक्य पोरांकडून पाठ करून घेतलं. फोन केल्यावर एकाने टॉर्च घेऊन फाट्यावर उभं राहायचं हेही ठरलं. वाडीपर्यंत गाडी येतच नसेल तर डोली कोण धरणार त्या चौघांची नावंही आजच लिहा. १०८ ला उगाच फोन करून मात्र तालीम करू नका, त्या वेळी कुणाचा तरी खरा फोन अडतो.

चौथं: सलाईनची गोष्ट

ह्यावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे. आपल्या गावांचा दवाखान्यावरचा निम्मा खर्च मला ह्या एका बाटलीत बुडालेला दिसतो.

शेजारची आजी दर पावसाळ्यात म्हणायची, "भाऊ, एक बाटली लावून आण की, अंगात त्राण नाही." डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर तो डॉक्टर कच्चा. सुई मारली तर बरा. बाटली लावली तर देवमाणूस. डॉक्टरलाही हे कळतं. नाही म्हटलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो.

आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत सलाईनची एक रिकामी बाटली आणली आणि शाळेतल्या नववीच्या मुलीला लेबल वाचायला लावलं. सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, ५०० मिली. म्हणजे काय? शंभर मिलीत ०.९ ग्रॅम, तर पाचशेत साडेचार ग्रॅम मीठ. फळ्यावर गणित केलं. मग चहाच्या चमच्याने मीठ काढून पितळीत ठेवलं, चमचा भरतसुद्धा नाही. दुसरी बाटली ग्लुकोजची, ५ टक्क्यांची. अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर. तेही पितळीत ठेवलं. पाच-सहा चमचे. आजी बराच वेळ त्या दोन ढिगांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. जो माणूस तोंडाने पिऊ शकतो, त्याला लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यातून हेच मिळतं, भाताच्या पेजेतून त्याहून जास्त मिळतं. सलाईन लागते ती उलट्या थांबत नसताना, शुद्ध हरपली असताना, अपघातात रक्त गेलं असताना, डेंगीत किंवा जुलाबात अंगातलं पाणी फार उतरलं असताना. तेव्हा ती जीव वाचवते, तेव्हा नको म्हणू नका. अशक्तपणासाठी ती नाही. अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

जुलाबाचं तेवढंच सांगतो. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच पूर्ण टाकायची. एका पेल्यात चिमूटभर, परत दुपारी चिमूटभर, असं करतात आणि प्रमाण बिघडतं. आमच्या आशाताई लिटरची पाण्याची बाटली घेऊनच घरी जातात आणि समोर कालवून दाखवतात. लहान मुलांना सोबत झिंकची गोळी, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस.

दुसरी एक वाईट सवय पुडीची. कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या सुट्या गोळ्या, नाव नाही, चिठ्ठी नाही. त्यात स्टेरॉइड असलं तर सांधेदुखी एका रात्रीत पळते, आणि वर्षभराने शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. "डॉक्टरसाहेब, गोळ्यांची नावं कागदावर लिहून द्या" एवढं म्हणायला गावाला शिकवा. नम्रपणे, पण म्हणाच. आणि घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागे ठेवा. दवाखाना बदलला की निम्म्या तपासण्या परत होतात त्या ही पिशवी नसते म्हणून.

पाचवं: कधी जायचं आणि कधी थांबायचं

साध्या सर्दी-खोकल्याला सिव्हिल गाठणारा आणि तीन दिवस तापाने फणफणलेल्या पोराला घरी ठेवणारा, दोघंही मला एकाच गावात भेटतात. लहान मुलासाठी एक गोष्ट प्रत्येक आईला शिकवण्यासारखी आहे: मूल शांत असताना अंगडं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. लगेच निघा. पाणी पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके येतात, मलूल पडलंय, तरीही तसंच. हे नसेल आणि मूल खेळत असेल, तर आशाताईंना विचारा, उपकेंद्रात दाखवा.

मोठ्यांत, तिशी ओलांडलेल्यांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख ह्या तीन कॅन्सरची प्राथमिक तपासणी उपकेंद्रात-पीएचसीत मोफत होते. पुरुष येत नाहीत. त्यांना गाठायचं तर सकाळी दूध डेअरीवर. सिस्टरांना एकदा तिथे बीपीचं मशीन घेऊन यायची विनंती करा, दूध मापेपर्यंत वीस जण तपासून होतात. बीपीची गोळी डोकं दुखायचं थांबलं म्हणून सोडायची नसते, हे तिथेच सांगा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. टीबी निघाला तर औषध मोफत आहे आणि आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते आधी करून द्या, नाहीतर पैसे अडकतात.

सहावं: पैशाचं गणित आजारपणाआधी

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, पीएचसीपासून सिव्हिलपर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं ह्यात येत नाहीत, तिथे शुल्क असू शकतं. बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासूनच मोफत आहे: औषध, रक्त, जेवण, गाडी सगळं.

मोठं ऑपरेशन किंवा मोठा आजार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आता आयुष्मान भारतशी जोडलेली. सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना, पिवळं, केशरी, पांढरं काहीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. इथे गैरसमज फार आहेत. ही योजना सर्दी-तापाला किंवा ओपीडीला नाही. ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच आहे आणि योजनेत असलेल्या रुग्णालयातच. म्हणून दाखल होण्याआधी दारातच दोन प्रश्न विचारा: "हे रुग्णालय योजनेत आहे का?" आणि "आमचा आजार यादीत बसतो का?" उत्तर देणारा माणूस म्हणजे आरोग्यमित्र. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. डॉक्टरांशी बोलण्याआधी त्याला गाठा. रेशनकार्ड आणि आधार लागतं. रेशनकार्डावर सुनेचं, नातवाचं नाव चढवलेलं नसतं आणि नेमकं तेच आजारी पडतात, तेव्हा हे काम आज करा, तहसील कार्यालयात एक चक्कर मारून. योजनेत असूनही पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा, रुग्णालयात उभं राहूनच करा. सत्तरी पार केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मानचं वय वंदना कार्ड आहे. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, त्यासाठी एक दिवस त्यांच्यासोबत बसा.

धर्मादाय रुग्णालयांचं फार कमी लोकांना माहीत आहे. पुण्या-मुंबईतली कितीतरी मोठी, चकचकीत रुग्णालयं ट्रस्टची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथे गेल्यावर बिलिंगच्या खिडकीत रांग लावू नका, वैद्यकीय समाजसेवकाचं टेबल विचारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या.

खाजगीत जायचंच असेल तर खर्चाचा अंदाज आधी मागा, तपशीलवार बिल मागा. राज्याच्या जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही. केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात.

सातवं: विचारायला शिकणं, आणि विचारताना माणूस जपणं

महाराष्ट्रात २००७ साली पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद ह्या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच सेवांचं प्रगतिपुस्तक भरायचं, चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल रंग, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं. ही पद्धत कुठलंही गाव आजही वापरू शकतं. "दवाखाना बेकार आहे" ह्या वाक्याने काहीच हलत नाही. "मागच्या महिन्यात बाहेरून औषध आणायच्या नऊ चिठ्ठ्या मिळाल्या, त्या ह्या", असं म्हटलं की हलतं. चिठ्ठ्या जपा, तारखा लिहा. पीएचसीचं काम आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयाचं वैद्यकीय अधीक्षकांकडे, मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. रुग्ण कल्याण समितीत आपल्याकडचं कोण आहे ते शोधा. बहुतेकदा त्या सदस्यालाच ते आठवत नसतं.

आमच्या पीएचसीत एक तरुण डॉक्टरबाई आल्या होत्या. रात्री राहत नाहीत, ही गावाची तक्रार. आम्ही प्रगतिपुस्तक लाल करण्याआधी त्यांना जाऊन विचारलं, "ताई, अडचण काय?" क्वार्टरला पाणी नव्हतं, मागच्या दाराची कडी तुटलेली होती, आवारात एकही दिवा नव्हता. मे महिन्यात त्या सकाळी स्टाफच्या घरून कळशीने पाणी आणत होत्या. ग्रामपंचायतीने पंधरा दिवसांत नळजोड दिला, दिवा लावला, मंडळाच्या पोरांनी कडी बसवली. त्या तीन वर्षं राहिल्या, रात्रीची बाळंतपणंही करत होत्या. चूक असेल तिथे मी भांडतो, पुढेही भांडेन. पण ज्याच्याकडून रात्री दोनला दार उघडण्याची अपेक्षा आहे, त्याच्या दाराला कडी आहे का हे बघणं गावाकडे येतं.

गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी असतो. खर्चाचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा. आम्ही त्यातून गरीब रुग्णाच्या गाडीचं भाडं दिलं आहे. विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली जाते की नुसती नोंद होते, हे बघायला ओटी टेस्टचं औषध आणून ठेवलं आहे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शाळेतली मुलं ही टेस्ट आवडीने करतात आणि घरी जाऊन सांगतात.

शेवटचं: फलक

हे सगळं वहीत राहिलं तर वही सांभाळणाऱ्याबरोबर जाईल. शाळेच्या भिंतीवर, डेअरीसमोर, रेशन दुकानाशेजारी फलक करा. वर मोठ्या अक्षरांत १०८ आणि १०२. खाली चार प्रसंग आणि प्रत्येकापुढे एकच ठिकाण, अंतर किलोमीटरमध्ये. मग आशाताई, सिस्टर, डॉक्टर, गाडीवाले दोघं, रक्त देणारे चौघं. ठिकाणं आणि सरकारी नंबर ऑइलपेंटने रंगवा. माणसांची नावं आणि मोबाईल नंबर खडूने लिहा. बदल्या बहुतेक मे-जूनमध्ये होतात, आणि नेमका त्यानंतरच पाऊस, साप आणि जुलाब सुरू होतात. दर महिन्याला गावात लसीकरणाचा दिवस असतो, त्या दिवशी एकाने फलकासमोर उभं राहून प्रत्येक नंबर लावून बघायचा. आमच्याकडे हे काम सध्या दहावीतल्या दोन मुलींकडे आहे. जूनच्या फेरीत त्यांना तीन नंबर बंद लागले, त्यांनी ते पुसून त्याच दुपारी नवे लिहिले.